निफाड ते एल्फिन्स्टन : प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा ज्ञानमंडळातील प्रवेश

विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल होणे आणि विद्यापीठीय ज्ञानमंडळाचा घटक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली एका दिवसात उरकते. तिला अर्ज, गुणपत्रक आणि शुल्क एवढी सामग्री पुरते. दुसरीला कित्येक महिने, प्रसंगी वर्षे लागतात, आणि काहींच्या बाबतीत ती पदवी हाती पडल्यानंतरही घडलेली नसते. या दुसऱ्या प्रवेशाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. म्हणूनच त्याचा विचार शिक्षणविषयक चर्चेत सहसा मागे पडतो.

‘ज्ञानमंडळ’ हा शब्द येथे विशिष्ट अर्थाने योजिला आहे. अध्यापक, ज्येष्ठ विद्यार्थी, समवयस्क सहाध्यायी आणि ग्रंथ यांच्या नित्य संबंधातून उभा राहणारा व समान जिज्ञासेने बांधलेला समूह, असा तो अर्थ होय. ही कल्पना आपल्या परंपरेस अपरिचित नाही. गुरूच्या सन्निध राहणारा तो ‘अंतेवासी’ आणि एकाच गुरूपाशी शिकणारे ते ‘सतीर्थ्य’, ही दोन्ही नावे विद्यार्थ्याची ओळख त्याने संपादन केलेल्या विद्येवरून नव्हे, तर त्याच्या सहवासावरून ठरवितात. प्रश्न एवढाच की, जेथे गुरुगृह नाही, सहवास नाही आणि विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी संस्था आहे, तेथे नवागत विद्यार्थी अंतेवासी कोणाचा व्हावयाचा?

या प्रश्नाचा विचार करण्यास महाराष्ट्रात एक असे उदाहरण उपलब्ध आहे की, त्याहून अधिक आरंभीचे उदाहरण मिळणे कठीण. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले महादेव गोविंद रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत ते उत्तीर्ण झाले. बी. ए. च्या पहिल्या तुकडीतून १८६२ मध्ये जे चौघे पदवीधर बाहेर पडले, त्यांत त्यांचा समावेश होता. प्रथम वर्षाचा विद्यार्थी म्हणजे काय, याचा कोणताही नमुना त्यांच्यापुढे नव्हता. त्यांच्या आधी कोणी प्रथम वर्षाचा विद्यार्थी झालेलाच नव्हता.

१. विद्यापीठ होते, मंडळ नव्हते

चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने हिंदुस्थानात विद्यापीठे स्थापन करण्याची दिशा आखून दिली आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे ती अस्तित्वात आली. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी संमत झाला. या तिन्ही विद्यापीठांचा आदर्श लंडन विद्यापीठाचा होता. १८३६ मध्ये सनद मिळालेले ते विद्यापीठ त्या काळी अध्यापन करीत नसे; ते संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेई व पदव्या देई. तोच साचा येथे आणला गेला.

या निवडीचा परिणाम दूरगामी झाला. आरंभीच्या वर्षांत मुंबई विद्यापीठास स्वतःचे अध्यापक नव्हते, विद्यार्थिनिवास नव्हते, ग्रंथालय नव्हते. इतकेच काय, स्वतःची वास्तूही नव्हती. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले आणि ग्रंथालयाची इमारत राजाबाई मनोऱ्यासह १८७८ मध्ये उभी राहिली. विद्यापीठाने स्वतःचे पदव्युत्तर विभाग चालविण्याची प्रथा तर विसाव्या शतकातली. पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो १९१९ मध्ये. तात्पर्य, १८५९ चा विद्यार्थी ज्या विद्यापीठात ‘प्रविष्ट’ झाला, ते प्रश्नपत्रिका, नियमावली व पदवीपत्र यांच्या रूपानेच त्यास भेटत असे. परीक्षा ही व्यक्तीव्यक्तीस वेगळे करणारी, त्यांची क्रमवारी लावणारी गोष्ट आहे. एकत्र आणणे हे तिचे कार्य नव्हे.

मग ज्ञानमंडळ कोठे होते? ते विद्यापीठापूर्वीच, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या परिसरात, विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी मिळून बांधलेले होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या निवृत्तीच्या वेळी, १८२७ मध्ये, मुंबईकरांनी जमविलेल्या निधीतून या शिक्षणसंस्थेचा उगम झाला. बाळशास्त्री जांभेकर व दादाभाई नौरोजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान तिच्या अध्यापकवर्गात होऊन गेले होते. ज्या संस्थेत कालचा विद्यार्थी आज अध्यापकाच्या आसनावर बसलेला दिसतो, तेथे नवागतास ज्ञानाचा मार्ग चालून जाण्याजोगा वाटतो. ही गोष्ट अभ्यासक्रमात लिहिलेली नसते, पण तिचे शैक्षणिक मूल्य अभ्यासक्रमाहून कमी नव्हे.

२. विलगता, संक्रमण, समावेश

एखादी व्यक्ती एका समूहातून दुसऱ्या समूहात जाते तेव्हा तिला तीन अवस्थांतून जावे लागते, असे प्रतिपादन आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमणविधींच्या विवेचनात केले. पूर्वीच्या समूहापासून विलगता, दोहोंच्या मधली संक्रमणावस्था आणि नव्या समूहातील समावेश, या त्या अवस्था होत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९८७ मध्ये हीच मांडणी महाविद्यालयीन विद्यार्थ्यास लावून पाहिली. विद्यार्थी शिक्षण मध्येच सोडतात याचे कारण केवळ त्यांच्या बुद्धीत किंवा तयारीत शोधणे अपुरे आहे. संस्थेच्या बौद्धिक व सामाजिक जीवनात त्यांचा समावेश कितपत झाला, हे पाहिले पाहिजे, असे त्यांच्या सिद्धान्ताचे सार सांगता येईल. उपनयनाचा संस्कार ज्या समाजास ठाऊक आहे त्यास ही मांडणी फारशी नवी वाटू नये. घरातून उठून गुरुगृही जाणे, मधल्या काळात ना घरचा ना तिथला अशा स्थितीत असणे आणि मग त्या कुलाचा होणे, हा क्रम तोच आहे.

रानडे यांची विलगता दुहेरी होती. निफाड हे जन्मस्थान. परंतु वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेल्यामुळे बालपण व प्रारंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. मराठी शाळा व नंतर इंग्रजी शाळा हा क्रम तेथे पुरा करून १८५६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. कोल्हापुरातून मुंबईपर्यंत सलग लोहमार्ग नसलेला तो काळ. जाणे म्हणजे खरोखरीच दूर जाणे होते. मात्र हे जाणे अगदी एकट्याचे नव्हते. बालमित्र विनायक जनार्दन कीर्तने हेही त्याच शिक्षणासाठी मुंबईस आले. पुढे १८६१ मध्ये कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले. मराठीतील पहिले स्वतंत्र ऐतिहासिक नाटक म्हणून त्याची गणना होते. नव्या ठिकाणी जुन्या गावचा एक जरी सोबती असला तरी संक्रमणावस्थेची धार बोथट होते, असा अनुभव आजही वसतिगृहांतून येतो.

संक्रमणावस्थेतील सर्वांत मोठी अडचण भाषेची. प्रवेशपरीक्षेचे व पुढील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. घरी मराठी, संस्कारांची भाषा संस्कृत, अभ्यासाची भाषा इंग्रजी अशी वाटणी ज्या मुलाच्या वाट्यास येते, त्याला नवे ज्ञान मिळविण्याआधी ते ज्या वाक्यांत सांगितले जाते ती वाक्ये उलगडावी लागतात. रानडे यांनी यावर शोधलेला उपाय वाचनाचा होता. त्यांच्या विद्यार्थिदशेतील वाचनाचा व्याप असाधारण होता आणि त्याची किंमत त्यांच्या डोळ्यांनी मोजली. दृष्टी इतकी क्षीण झाली की काही काळ डोळ्यांना विश्रांती देऊन इतरांकडून ग्रंथ वाचवून घ्यावे लागले. पहिल्या पिढीच्या ज्ञानार्जनातील हा ताण केवळ गौरवाने सांगण्याजोगा नाही. जेथे मार्गदर्शनाची व्यवस्था अपुरी असते, तेथे विद्यार्थी ती उणीव स्वतःच्या देहाने भरून काढतो.

३. सभा : ज्ञानमंडळाचे पहिले रूप

समावेशाची अवस्था रानडे यांच्या बाबतीत वर्गात नव्हे तर सभेत पूर्ण झाली, असे मानण्यास आधार आहे. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठी एक सभा स्थापन केली होती. दादाभाई नौरोजी हे तिच्या अध्वर्यूंपैकी एक. या सभेच्या देशी भाषांतील शाखा निघाल्या; मराठी शाखेचे नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिच्याशी संबंधित ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून निघू लागले. याच विद्यार्थ्यांनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि त्यांत प्रारंभी स्वतः विनावेतन शिकविले.

सभेचे कार्य साधे होते. कोणी एकाने निबंध लिहून आणावयाचा, सर्वांसमोर वाचावयाचा आणि मग इतरांनी त्यावर बोलावयाचे. परंतु या साध्या पद्धतीत शिक्षणाचे एक मर्म दडले आहे. परीक्षेत विद्यार्थी ज्याला उत्तर देतो त्याला ते उत्तर आधीच ठाऊक असते. सभेत तो ज्यांना सांगतो त्यांना ते ठाऊक नसते. पहिल्या ठिकाणी त्याची तपासणी होते, दुसऱ्या ठिकाणी त्याचा उपयोग होतो. आपल्या बोलण्याचा इतरांस उपयोग आहे, या जाणिवेनेच नवागत हा घटक होतो.

रानडे यांनी प्रवेशपरीक्षेच्या वर्षी, म्हणजे १८५९ च्या सुमारास, ज्ञानप्रसारक सभेत निबंध वाचले. एकाचा विषय सुशिक्षित तरुणांची कर्तव्ये हा होता, तर दुसऱ्याचा मराठ्यांचे राजे व सरदार हा. सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने निवडलेले हे विषय बारकाईने पाहण्यासारखे आहेत. पहिला विषय विद्येचे उत्तरदायित्व कोणाकडे, असा प्रश्न विचारतो. दुसरा ‘आम्ही कोण’ असा. दुसऱ्या निबंधाचा विषय त्यांनी पुढे सोडला नाही. चार दशकांनी, १९०० मध्ये, मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. एखाद्या विद्यार्थ्याचा आयुष्यभराचा अभ्यासविषय त्याला प्रथम वर्षाच्या उंबरठ्यावर आणि तेही अभ्यासक्रमाबाहेर गवसावा, ही घटना अपवादात्मक नाही. तिला संधी मिळणे मात्र अपवादात्मक असते.

जीन लेव्ह व एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये शिक्षणाची जी उपपत्ती मांडली ती येथे उपयोगी पडते. नवागत हा प्रथम समूहाच्या कडेला राहून लहान पण खऱ्या कामात भाग घेतो आणि हळूहळू मध्याकडे सरकतो. हे सरकणे म्हणजेच शिकणे, असा त्यांचा सिद्धान्त आहे. त्यांनी त्यासाठी शिंपी, सुईणी यांसारख्या व्यवसायांतील उमेदवारीची उदाहरणे घेतली. ज्ञानप्रसारक सभेतील निबंधवाचन ही विद्येच्या क्षेत्रातील अशीच उमेदवारी होती. तीत काम लहान असले तरी खोटे नव्हते.

४. दक्षिणा : विद्यार्थी आणि अध्यापक यांमधील पायरी

ज्ञानमंडळास अर्थव्यवस्थाही लागते. रानडे यांचे शिक्षण शिष्यवृत्तीच्या आधारावर झाले आणि पुढे ते ‘दक्षिणा फेलो’ झाले. या दक्षिणेचा इतिहास उद्बोधक आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस पुण्यात दक्षिणा वाटली जाई. राज्य बदलल्यावर इंग्रज सरकारने ती प्रथा प्रथम चालू ठेवली, नंतर तिची रक्कम कमी करीत नेली आणि तीतील पैसा क्रमाक्रमाने नव्या शिक्षणाकडे व मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्याकडे वळविला. दक्षिणा प्राइझ कमिटी १८५१ मध्ये नेमली गेली ती याच ओघात. दक्षिणा फेलोंची योजनाही त्याच निधीतून आली. शास्त्रार्थ करणाऱ्या पंडिताच्या ओंजळीत पडणारी दक्षिणा अशा रीतीने अर्थशास्त्र व इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मासिक वेतनात रूपांतरित झाली.

या योजनेचे वैशिष्ट्य असे की, फेलोला स्वतःचा अभ्यास चालू ठेवून महाविद्यालयात खालच्या वर्गांना शिकवावे लागे. तो एकाच वेळी विद्यार्थी व अध्यापक असे. परिणामी प्रथम वर्षाच्या मुलाला शिकविणारा मनुष्य त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असे आणि त्या वर्गात आपल्याला काय कळले नव्हते, हे त्याला चांगले आठवत असे. प्राध्यापक आणि नवागत यांच्यामध्ये जी दरी असते तिच्यावरचा हा पूल होता. आज पदव्युत्तर विद्यार्थी व संशोधक विद्यार्थी यांचा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांशी प्रायः संबंध येत नाही. कित्येकदा पदवीचे वर्ग एका संस्थेत आणि संशोधन दुसऱ्या संस्थेत अशी विभागणी असते. या पुलाचे नाहीसे होणे ही ज्ञानमंडळाच्या दृष्टीने मोठी हानी होय.

५. मतभेदाची कसोटी

ज्ञानमंडळाचे सदस्यत्व खरे की औपचारिक, हे मतभेदाच्या प्रसंगी कळते. सर अलेक्झांडर ग्रँट हे अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे व्यासंगी संपादक. ते १८६० मध्ये एल्फिन्स्टनमध्ये इतिहास व अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि पुढे प्राचार्य झाले. रानडे यांच्या चरित्रकारांनी एक प्रसंग नमूद केला आहे. रानडे यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याविषयी प्रतिकूल मत मांडले. ग्रँट यांनी विद्यार्थ्यास बोलावून, ज्या सरकारच्या साह्याने शिक्षण घेतोस त्याचीच निंदा करणे उचित नव्हे, अशी समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबविण्यात आली.

या प्रसंगाचे दोन अर्थ संभवतात आणि दोन्ही ध्यानात घेतले पाहिजेत. एका बाजूने पाहता, परकीय सत्तेखालील ज्ञानमंडळाची मर्यादा येथे उघड होते. तर्क करण्यास शिकविले जाते, परंतु तर्क अमुक उंबरठ्यापर्यंतच यावा, अशी अपेक्षा असते. दुसऱ्या बाजूने पाहता, हा निबंध लिहिण्याचे सामर्थ्य ज्या अध्यापनातून आले त्यातच ग्रँट यांच्या अध्यापनाचाही वाटा होता. रानडे यांच्या मनात आपल्या गुरूविषयी आदर पुढेही टिकून राहिला आणि मतही त्यांनी टाकले नाही. आदर व असहमती या दोन्ही एकाच मनात नांदू शकतात, हा धडा त्यांना वर्गातल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा या शिक्षेने अधिक स्पष्टपणे दिला असावा. नवागत विद्यार्थ्यास ‘तू आमच्यापैकी एक आहेस’ असे सांगणे सोपे असते. तो आमच्याविरुद्ध बोलला तरी आमच्यापैकीच राहील, हे कृतीने दाखविणे अवघड असते.

६. सतीर्थ्यांचे पुढे काय झाले

१८६२ चे चार पदवीधर म्हणजे महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. रानडे यांच्यापेक्षा भांडारकर साडेचार वर्षांनी मोठे. ते मालवणचे, रत्नागिरीस शिकून मुंबईस आलेले. या चौघांचे व्यवसाय पुढे भिन्न झाले. एक न्यायाधीश, एक संस्कृतचा प्राध्यापक व संशोधक, एक शिक्षक, एक वकील. परंतु १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या कार्याशी चौघांचाही संबंध आला. विद्यार्थिदशेतील सहवास पदवीबरोबर संपला नाही. त्याने संस्थेचे रूप घेतले.

रानडे १८७१ मध्ये न्यायखात्यात पुण्यास आले आणि आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेच्या कामात पडले. सभेचे त्रैमासिक १८७८ मध्ये निघाले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्यासमवेत त्यांनी त्याच वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांचे संमेलन भरविण्यात पुढाकार घेतला. याच वर्षी त्यांची बदली नाशिकला झाली. जन्मजिल्ह्यात ते न्यायाधीश म्हणून परतले. ज्या मनुष्याने विद्यार्थी असताना सभेत निबंध वाचला, तो पुढे जेथे जाईल तेथे सभा उभी करीत गेला, असे या क्रमाचे वर्णन करता येईल. भांडारकरांच्या नावे पुण्यात १९१७ मध्ये प्राच्यविद्येची संशोधनसंस्था स्थापन झाली, तीही याच वृत्तीची परिणती मानावी लागेल.

७. दाराची रुंदी

येथवरच्या विवेचनावरून त्या काळातील ज्ञानमंडळ आदर्श होते, असा समज होऊ नये. त्याचे दार अरुंद होते. १८५९ मध्ये त्यात शिरलेले विद्यार्थी बहुतांशी पांढरपेशा, उच्चवर्णीय घरांतील होते. निफाडच्या परिसरात शेत कसणाऱ्या कुटुंबातील मुलास ते दार दिसतही नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्याचा रोख हाच होता. उच्च शिक्षणावर होणारा खर्च वरच्या वर्गांच्या उपयोगी पडतो, तो ज्यांच्या करांतून येतो त्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची मात्र हेळसांड होते, असे त्यांनी बजावले. स्त्रियांना मुंबई विद्यापीठाच्या पदव्यांचा मार्ग १८८३ मध्ये खुला झाला. तोवर विद्यापीठ स्थापन होऊन पंचवीस वर्षे लोटली होती.

दार उघडले तरी आतील मंडळ उघडतेच असे नाही. डॉ. भीमराव आंबेडकर हे एल्फिन्स्टन महाविद्यालयातूनच १९१२ मध्ये बी. ए. झाले. अस्पृश्यतेच्या जाचामुळे शिक्षणात त्यांना सोसावे लागलेले एकाकीपण सर्वश्रुत आहे. पटावर नाव असणे आणि सहवासात स्थान असणे यांतील अंतर किती क्रूर असू शकते, याचे हे उदाहरण होय. त्याच डॉ. आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी, रानडे यांच्या जयंतीदिनी, पुण्यात त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करणारे भाषण केले आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. स्वतःस न मिळालेला सहवास त्यांनी संस्थेच्या रूपाने इतरांस दिला.

ग्रामीण व बहुजन समाजातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत दार रुंद करण्याचे काम मुख्यतः वसतिगृहांनी केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ मध्ये निघाले. रानडे यांच्या निधनाचे वर्ष तेच. नाशिक येथे मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ मध्ये स्थापन झाला. त्याचा आरंभही उदाजी मराठा बोर्डिंगपासून झाला. शाळा व महाविद्यालये नंतर आली, बोर्डिंग आधी आले. हा क्रम सहेतुक होता. शिकण्याआधी राहण्याची, जेवण्याची आणि शिकणाऱ्यांच्या संगतीची सोय हवी, हे त्या संस्थापकांनी ओळखले होते. अंतेवासी या शब्दाचा अर्थ त्यांनी कोश न उघडता सिद्ध केला. नाशिकमध्ये १९२४ मध्ये हं. प्रा. ठा. महाविद्यालय सुरू झाले, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ कार्यान्वित झाले आणि आज खुद्द निफाड येथेही महाविद्यालय आहे. ज्या गावात जन्मलेल्या मुलाला विद्यापीठासाठी मुंबई गाठावी लागली, त्या गावात विद्यापीठाचा वर्ग भरतो. नाशिकमध्येच १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाल्याने घरी राहून शिकण्याची वाटही निघाली.

८. निष्कर्ष

अंतर अशा रीतीने मिटले आहे; परंतु अंतर मिटल्याने विलगतेची अवस्था टळली तरी समावेशाची अवस्था आपोआप येत नाही. सकाळी एस. टी. ने येऊन दुपारच्या गाडीने परतणारा, घरी शेतीचे काम सांभाळणारा, घराण्यात प्रथमच महाविद्यालयात पाऊल टाकणारा विद्यार्थी आज प्रथम वर्षाच्या वर्गात मोठ्या संख्येने दिसतो. त्याचा विद्यापीठाशी संबंध तासिका व परीक्षा यांपुरता उरला, तर तो नकळत १८५९ च्या त्या केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठातच शिकत आहे असे होईल. आणि त्या काळच्या विद्यार्थ्याच्या हाताशी असलेली सभा मात्र याच्यापाशी नसेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ या नावाने प्रवेशोत्तर परिचयाचा कार्यक्रम सुचविला, त्यामागे या उणिवेची जाणीव आहे. तथापि परिचयाचे काही दिवस हे दार दाखविणारे असतात. आत नेणारे काम त्यानंतर वर्षभर चालावे लागते.

निफाडच्या विद्यार्थ्याच्या उदाहरणातून या कामाची चार अंगे निष्पन्न होतात. पहिले, नवागतास आरंभापासून लहान पण खरे काम मिळाले पाहिजे. आपल्या गावच्या नोंदी, बोली, बाजार, नदी यांविषयी तो जे सांगू शकतो ते वर्गात इतर कोणास ठाऊक नसते. दुसरे, त्याच्या आणि प्राध्यापकाच्या मध्ये ज्येष्ठ विद्यार्थ्याची पायरी असली पाहिजे आणि त्या कामाचा योग्य मोबदलाही असला पाहिजे. तिसरे, त्याचा मतभेद त्याच्या सदस्यत्वास बाधक ठरता कामा नये. चौथे, हे सर्व त्याला समजणाऱ्या भाषेत सुरू झाले पाहिजे. ज्ञानप्रसारक सभेतील निबंध मराठीत वाचले जात होते. परीक्षा इंग्रजीत असूनही सहवासाची भाषा मराठी होती, हे विसरता येत नाही.

या चौथ्या अंगाचे महत्त्व रानडे यांनी अखेरपर्यंत ओळखले होते. आरंभीच्या वर्षांत विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना असलेले स्थान पुढे वरच्या परीक्षांतून काढून घेण्यात आले होते. ते परत मिळावे म्हणून रानडे यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात विद्यापीठाच्या कारभारात चिकाटीने प्रयत्न केले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीच्या समावेशाचा मार्ग मोकळा झाला. आज मराठीत पदव्युत्तर अध्ययन करणारा प्रत्येक विद्यार्थी त्या मार्गाने आत आलेला आहे. ज्याला कोणी आत घेतले, त्याने मागून येणाऱ्यासाठी दार थोडे अधिक उघडावे, हाच ज्ञानमंडळाचा वंशक्रम होय. आणि प्रथम वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला, अद्याप कोणाशी न बोललेला विद्यार्थी हा त्या वंशक्रमातील पुढची कडी आहे की नाही, हे विभागातील ज्येष्ठ त्याच्याशी प्रथम कोण बोलतो यावर ठरावयाचे आहे.